मोडायचे बाण

११ नोव्हेंबर, सोमवार

दुसरा बाण पहिल्याच्या खाचेत घुसला आणि दोन्ही उभे चिरले. आवाज सुकी काडी मोडल्यासारखा. मी वर पाहिलं तोपर्यंत मुलं टार्गेटकडे धावत सुटली होती. बाण कोणी सोडला ते मी पाहिलं नाही. मी वहीत नावं लिहीत होते.

चौदाही मुलं-मुली समोर उभी केली. चिरलेले बाण हातात धरून बोलले. बारा होते, आता दहा उरले. नवे जूनशिवाय येणार नाहीत, तेही आले तर. बाण काही झाडाला लागत नाहीत. एकावर एक मारून शाळेची वस्तू मोडायची असेल तर उद्यापासून तिन्ही धनुष्यं कुलपात. आवाज चढला होता. कोणाचे बाण, असं दोनदा विचारलं. सगळी आपल्या पायांकडे पाहत राहिली.

आश्रमशाळेतली खेळाच्या शिक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी आहे, म्हणून हे माझ्याकडे आलं. मी मराठी शिकवते. धनुष्य धरण्याआधी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले. काल एकटीनं दहा बाण सोडून बघितले. दोन टार्गेटला लागले, एक सरपणाच्या ढिगात गेला. शाळेचा कामाठी लटारू तिथे लाकडं फोडत होता. त्यानं बाण आणून दिला आणि विचारलं, मॅडम, तुमी सोडून राह्यल्या का फेकून राह्यल्या?

प्रशिक्षण संस्थेला यंदा प्रत्येक शिक्षकाकडून कृतिसंशोधन हवं आहे. माझा विषय: धनुर्विद्येच्या सरावाचा विद्यार्थ्यांच्या अवधानावर व अचूकतेवर होणारा परिणाम. आठ आठवडे. वर्गात शिकवत असताना मुलं नेमकी कुठे पाहतात, ते सात वर्षांत मला कळलेलं नाही. कदाचित म्हणून हा विषय घेतला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली अवधान चाचणी. अक्षरांनी भरलेलं पान. पाच मिनिटांत दिसेल तो प्रत्येक 'म' खोडायचा.

सातवीतल्या मयुरीनं पूर्ण पान संपवलं. अकरा 'म' सुटले. आठवीतली करिश्मा नरोटे अर्ध्या पानापर्यंतच पोचली, पण त्या अर्ध्यात एकही सुटलेला नाही. तिची रेघ प्रत्येक अक्षराच्या बरोबर मधून जाते, शेजारच्याला लागत नाही. मात्र मध्येच ती खिडकीबाहेर बघत होती. 'लक्ष विचलित' या रकान्यात खूण केली.

नंतर विचारलं, बाहेर काय होतं? म्हणाली, पोपट. नऊ.

२७ नोव्हेंबर, बुधवार

निवडणुकीच्या कामात आठवडा गेला. आजपासून नोंदी सुरू.

अंतर वीस मीटर, प्रत्येकाला सहा बाण. तणसाची जाड गादी, तिच्यावर टार्गेटचा कागद. मधला पिवळा गोल नऊ-दहा गुणांचा, त्याभोवती लाल सात-आठचा, मग निळा, काळा, पांढरा. मी गुण लिहिते आणि प्रत्येक बाण कुठे लागला ते वहीतल्या गोलावर टिंबानं दाखवते.

करिश्माचा पहिला बाण पिवळ्याच्या मधोमध. मी टाळी वाजवली. दुसरा वर, लालात. तिसरा उजवीकडे. चौथा खाली. पाचवा डावीकडे खाली, सहावा डावीकडे वर. दहा, आणि मग पाच वेळा सात. पंचेचाळीस. मयुरीचे अठ्ठेचाळीस. तिचे बाण पिवळ्याच्या आसपास कुठेही लागतात, पण आसपासच.

करिश्माचा उभा राहण्याचा ढंग बघण्यासारखा आहे. डावा हात पुढे जातो आणि तिथेच राहतो, भिंतीत खुंटी ठोकल्यासारखा. मग बाण असे का पांगतात?

९ डिसेंबर, सोमवार

करिश्मा: पंचेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस. बाकी सगळ्यांचा आलेख हलतो आहे. मयुरीचा पन्नासला टेकला. करिश्माचा आडवा. दोन आठवड्यांत एका गुणाचीही वाढ नाही.

टिंबांची पानं एकाखाली एक ठेवून पाहिली. पहिला बाण दर वेळी मधोमध. नंतर दर वेळी भटकते. वहीत लिहिलं: 'एका बाणापुरतं अवधान.' शब्द चांगला जमला असं वाटलं.

उपाय करून पाहिले. दोन बाणांच्या मध्ये तीन श्वास. डोळे मिटून दहापर्यंत मोजणं. ती सगळं मन लावून करते. गुण पंचेचाळीस.

देवानंदचा फोन आला. माजरीच्या खाणीत त्याची या आठवड्यात दुसरी पाळी आहे. त्याला आडव्या आलेखाबद्दल सांगत बसले. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाला, "अन् बायको, तुझं ध्यान किती बाणांपुरतं? मी काय सांगितलं होतं मागच्या रविवारी?" मला आठवेना. दाढ दुखते असं सांगितलं होतं, त्यानंच आठवण करून दिली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

नाल्यापलीकडे वाघानं गाय मारली. मैदान दोन दिवस बंद.

मुलं वर्गात बसून बाणांची निघालेली पिसं चिकटवतात. करिश्मा एकेक बाण डोळ्यासमोर धरून फिरवते. वाकलेला असेल तो चुलीच्या धगीवर शेकून सरळ करते. स्वयंपाकाच्या अंजनाबाई चुलीजवळ कोणा पोराला उभं करत नाहीत, पण तिला पाट देतात.

२३ डिसेंबर, सोमवार

सराव संपल्यावर करिश्माला थांबवून घेतलं. ओट्यावर शेजारी बसवलं. रागावलेली नाही हे आधी सांगितलं. मग विचारलं, दुसऱ्या बाणाच्या वेळी तू काय पाहतेस?

"पहिला बान."

"बाण नाही पाहायचा. पिवळा गोल पाहायचा."

"गोलबी पाह्यतो मॅडम. पहिला तिथीच असते ना."

मी तिला समजावलं की झालेली गोष्ट मनातून काढून टाकायची. सुटलेला बाण आपला नाही. ती हो म्हणाली. तिचा चेहरा पाहून वाटलं की तिला हे पटलेलं नाही, पण ती मला दुखवणार नाही.

वहीत: 'लक्ष मागील कृतीत अडकते.'

६ जानेवारी, सोमवार

जिल्ह्याचे धनुर्विद्येचे प्रशिक्षक सुनिल सर यांचं पत्र. चंद्रपूरच्या निवासी क्रीडा केंद्रात जूनपासून प्रत्येक शाळेची एक मुलगी घेणार. राहणं, जेवण आणि बारावीपर्यंतचं शिक्षण तिथेच. मुलीचं नाव आणि सहा आठवड्यांचे गुण पाठवायचे.

एकच नाव. आमची शाळा आठवीपर्यंत आहे. मयुरी सातवीत, तिला इथे अजून एक वर्ष आहे. करिश्माचं हे शेवटचं. दिवाळीत तिचे वडील जंगूभाऊ न्यायला आले होते, तेव्हाच सांगून गेले, आठवी झाली म्हनजे झालं, घरी मानूस लागते. म्हणजे एप्रिलनंतर करिश्माची शाळा संपली. केंद्रात गेली तर चालू राहील.

अंजनाबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं, त्या नरोटेच्या पोरीले पाठवा. का, विचारलं तर म्हणाल्या, तिचा हात चांगला आहे. कशावरून? तर, भाकर उलथते तेव्हा कळते.

भाकरीवरून नाव पाठवता येत नाही. दया करून पाठवणं हा मयुरीवर अन्याय. सहा आठवड्यांची सरासरी: मयुरी एकोणपन्नास, करिश्मा पंचेचाळीस. तीन वेळा बेरीज केली. दुपारी मयुरीचं नाव पाठवलं.

८ जानेवारी, बुधवार

परिपाठाच्या वेळी जाहीर केलं. सगळ्यात आधी टाळी करिश्मानं वाजवली. मयुरीनं वळून तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. काहीतरी विचारायचं असल्यासारखं. पण राष्ट्रगीत सुरू झालं.

१२ जानेवारी, रविवार

जे झालं ते क्रमानं लिहिते.

जंगूभाऊ दहाला सायकलवरून आले. पिशवीत बोरं. सराव चालू होता म्हणून रेषेच्या मागे उकिडवे बसून पाहू लागले. करिश्माची पाळी आली. सहा बाण. दहा, मग पाच वेळा सात.

बाण काढायला सगळे टार्गेटकडे गेलो. जंगूभाऊही आले. कोणाला बाण काढू दिले नाहीत. हाताचा पंजा पसरला. अंगठा मधल्या बाणाला लावला, करंगळी वरच्या बाणापर्यंत पोचली. वीतभर. मग वरच्यापासून उजवीकडच्यापर्यंत. पुन्हा वीत. पंजा फिरत फिरत पाचही बाणांवरून गेला. कुठे वीत सांधून जायची, कुठे बोटभर उरायचं. बस.

ते गोंडीत काहीतरी बोलले. करिश्मा तोंडावर हात ठेवून हसली. मी विचारलं, काय म्हणालात?

"म्हनलं, बान मारून राह्यली का रोवना करून राह्यली."

भाताची रोपं अशीच अंतर राखून लावतात. मी हसले नाही. मी त्यांना समजावून सांगू लागले, की पहिल्या बाणानंतर तिचं लक्ष टिकत नाही, सहा आठवडे मी नोंदी ठेवल्या आहेत, प्रयत्न करते आहे. वहीही उघडली. त्यांनी वहीतल्या टिंबांकडे पाहिलं, मग गादीकडे, मग थोडा वेळ माझ्याकडे.

"चुकत नाई मॅडम ते. बान वाचवते. बानावर बान बसला तं दोनी जाते."

मी करिश्माकडे वळले. खरं का, विचारलं. तिनं मान हलवली. पहिला मधोमध मारायचा, मग त्याला धक्का लागू नये म्हणून एकेक वीत सोडून बाकीचे. रोज. दोन महिने.

"अगं पण का?"

"तुमीच तं सांगतलं होतं मॅडम."

जंगूभाऊ बोरं ठेवून लगेच गेले. मी खोलीवर येऊन ११ नोव्हेंबरचं पान काढलं. सगळं लिहिलेलं आहे. शब्द माझेच आहेत.

१३ जानेवारी, सोमवार

ते दोन चिरलेले बाण तिचेच होते. आज तिनं आपणहून सांगितलं.

मधल्या सुट्टीत बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. मला का नाही सांगितलं? त्यांना वाटलं मला माहीत आहे. त्यांना हा खेळाचाच नियम वाटला होता. मयुरी म्हणाली, "आमीबी करून पाह्यलं मॅडम, जागा सोडून माराचं. आमचे कुठीबी जाते."

म्हणजे पिवळ्याच्या आसपास लागणारे तिचे बाण, ज्यांना मी अवधान म्हटलं, ते नेम चुकलेले होते. आणि जे पांगलेले होते त्यातला एकही चुकलेला नव्हता.

माझे वडील डोमाजी सिंदेवाहीकडे तलावात मासे धरतात. जाळं एकदा जिथे पडलं तिथे त्या सकाळी पुन्हा टाकत नाहीत. तळ्यात चहूकडे फिरतात. त्यांचा नेम चुकतो असं मला लहानपणापासून एकदाही वाटलं नाही.

दुपारी सुनिल सरांना फोन केला. चूक माझी, असं सांगितलं. त्यांनी गुण पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाले की अशी गोष्ट ते पहिल्यांदाच ऐकत आहेत, आणि पालक-शिक्षक बऱ्याच गोष्टी सांगतात. शेवटी तयार झाले. २ फेब्रुवारीला गडचिरोलीला इतर शाळांच्या मुलींची चाचणी आहे, दोघींना आणा, छत्तीस बाण, गुण मी माझ्या हातानं लिहीन. जागा एकच.

मयुरीला सांगणं राहिलं होतं. वर्गाबाहेर बोलावलं. तुझी जागा आता नक्की नाही, म्हटलं. तिनं विचारलं, म्हणजे गडचिरोलीला आम्ही दोघी? एकाच बसनं? हो म्हटलं. ती उड्या मारत आत गेली. तिला नीट समजलं नसावं.

१६ जानेवारी, गुरुवार

करिश्माला सगळ्यांसमोर सांगितलं, बाण मोडले तरी चालतील. एकाच जागी मार. ती हो म्हणाली.

पहिला दहा. दुसरा सात. पुन्हा सांगितलं. पुन्हा सात. तिनं धनुष्य खाली केलं.

"हात जात नाई मॅडम."

मग दुसरं करून पाहिलं. एक बाण सोडला की मयुरीनं पळत जाऊन तो काढायचा. टार्गेट रिकामं झालं की पुढचा. दहा. दहा. नऊ. दहा. दहा. दहा. मयुरी धापा टाकत होती. लटारू कुऱ्हाड खाली ठेवून उभा राहिला. माझी पेन्सिल हातात तशीच राहिली, गुण नंतर आठवून लिहिले.

पण चाचणीत सहाही बाण लागल्यावरच काढतात.

२० जानेवारी, सोमवार

मी ११ नोव्हेंबरला पाच मिनिटं रागावले होते. आज पाचवा दिवस, रोज अर्धा तास समजावते आहे. गोडीनं, हसून, एकदा हात जोडून. ती ऐकते. बाण ऐकत नाही. आज पिवळ्याच्या कडेला एक लागला, तेवढंच.

तिला सांगितलं की हे जमलं तर तू चंद्रपूरला शिकशील. हे सांगायला नको होतं. त्यानंतर पहिला बाणही सातात गेला.

कृतिसंशोधनाचा अहवाल पाठवला. विद्यार्थिनी क्रमांक नऊ, म्हणजे करिश्मा, हिच्यासमोर लिहिलं: 'मोजणाऱ्याची चूक.' मार्गदर्शकांचा फोन आला की असा रकाना नमुन्यात नाही, ही विद्यार्थिनी गाळून टाका, सरासरी छान येते. मी गाळली नाही. अहवाल परत आला आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं, मुलांना बुंदी वाटली, तोच जंगूभाऊ फाटकातून आले. सायकलच्या दांडीला बांबूच्या काड्यांची मोळी बांधलेली. जवळ गेल्यावर कळलं, बाण आहेत. तीस. नवे, घासलेले. टोकाला लोखंडी अणी नाही, बांबूच निमुळता करून तार गुंडाळलेली. मागे कोंबड्याची पिसं, प्रत्येक बाणाला तीन, एका मापाची.

"हे मोडाले आनले," ते म्हणाले.

करिश्मा मोळीकडे बघत होती. त्यांनी एक बाण तिच्या हातात दिला आणि सांगितलं, हा शाळेचा नाई, माहा आहे, अन् मी मोडाले केला. मग बोलणं गोंडीत झालं.

बुंदी खात ते ओट्यावर बसले. तिथी पोरगी आजारी पडली तं कोन पाह्यते, विचारलं. मी सांगितलं, नर्स असते. जेवणात भात असते का? असतो. दिवाळीले सोडते का? सोडतात. आमच्या गावाहून मूलची बस किती वाजता, तिथून चंद्रपूरची कुठी भेटते? सांगितलं. किती पोरी एका खोलीत? ते मला माहीत नव्हतं. मग मी सरळ विचारलं, निवड झाली तर पाठवणार का? त्यांनी द्रोण घडी करून खिशात ठेवला आणि गेले.

अजून त्यांनी काही ठरवलेलं दिसत नाही. एकदा घरी जाऊन करिश्माची आई सोनीबाईंशी बोलायला हवं.

२९ जानेवारी, बुधवार

सकाळी पहिला मोडला.

तिसरा बाण दुसऱ्याच्या मागे बसला आणि खाच फुटली. तोच काडीचा आवाज. सगळी मुलं एकदम माझ्याकडे वळली. करिश्माही. मी काहीतरी करायला हवं होतं. टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली.

संध्याकाळपर्यंत अजून दोन. लहान वर्गातली मुलं तुकडे उचलायला पळतात, त्यांची भांडणं लागतात. आजचे गुण एकावन्न.

१ फेब्रुवारी, शनिवार

तीसपैकी अकरा मोडले. आज चौपन्न आणि त्रेपन्न.

मयुरीचे एकावन्न. तीही वाढते आहे. दोघींचा सराव घेताना कोणाच्या बाजूनं उभं राहावं ते मला कळत नाही. मी मध्ये उभी राहते. आज दोघींनी एकमेकींच्या वेण्या घातल्या आणि लाल रिबिनी लावल्या. एकाच गुंडाळीतून कापलेल्या.

उद्या पहाटेची पहिली बस.

२ फेब्रुवारी, रविवार

गडचिरोलीहून सातला परत आलो. दोघी जेवून झोपल्या. मी लिहून ठेवते.

धनुष्यं आपापली, बाण मात्र केंद्राचे, सगळ्यांना सारखे. ते मला आधी माहीत नव्हतं. सुनिल सरांनी पेटी उघडली. कोरे, चकचकीत, पिवळ्या पिसांचे. करिश्मानं एक उचलला, डोळ्यासमोर धरून फिरवला आणि जपून खाली ठेवला. 

पहिली फेरी: दहा, मग पाच वेळा सात. बरोबर गोलाकार. सुनिल सर माझ्याकडे पाहत होते. दुसरी फेरी: चव्वेचाळीस. मयुरी एकोणपन्नास आणि अठ्ठेचाळीस. शिक्षकांना दोरीच्या मागे बसवलं होतं, बोलायची बंदी. मी बसले. दोरीला हात लावायचीही भीती वाटत होती.

दुसऱ्या फेरीचे बाण काढायला दोघी बरोबर गेल्या. टार्गेटपाशी मयुरी तिला काहीतरी म्हणाली. करिश्मानं तिच्याकडे पाहिलं. पुन्हा म्हणाली. परत येताना दोघी हसत होत्या.

करिश्माची तिसरी फेरी त्रेपन्न. चौथी पंचावन्न, आणि केंद्राचा एक बाण चिरला. रांगेतल्या सगळ्या मुली थांबल्या. करिश्मानं पुढचा बाण लावला. पाचवी चौपन्न. सहावी छप्पन, अजून एक बाण गेला. एकूण तीनशे सात. मयुरी दोनशे ब्याण्णव.

सुनिल सर चिरलेले बाण हातात घेऊन माझ्याकडे आले. पहिल्या दोन फेऱ्या ही काय करत होती, त्यांनी विचारलं. तुमचे बाण जपत होती, म्हटलं. त्यांनी कागद पुन्हा पाहिला. पाठवलेलं नाव मयुरीचं आहे, बदलायचं तर वरून विचारावं लागेल, उद्या फोन करतो, एवढंच म्हणाले.

बसमध्ये मयुरीला विचारलं, तू काय सांगितलंस तिला? दोघी आधी सांगेनात. मग मयुरी म्हणाली, "काई नाई मॅडम. म्हनलं, बान त्याईचे हायेत, आपल्या शाळेचे थोडीच. मोड ना."

मी तिला रागवायला हवं होतं. मी खिडकीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं पाहिलं तर मयुरी करिश्माच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, आणि करिश्मा खांदा न हलवता समोर बघत बसली होती. आष्टीपर्यंत तशीच.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सात वाजता जंगूभाऊ आले. सायकलच्या कॅरिअरला नवी पत्र्याची पेटी बांधलेली होती, कुलपासकट. मी म्हटलं, अजून निकाल लागलेला नाही, आणि जायचं ते जूनमध्ये. ते म्हणाले, माहीत आहे, पन एकदा मोहफुलं येचाचे दिवस लागले का मंग तेंदूपत्ता, बाजाराले जाले सवड कुठी भेटते. पेटी ओट्यावर ठेवून ते चहा प्यायले. सुनिल सरांचा फोन सव्वानऊला आला. करिश्माचं नाव घेतलं आहे. मयुरीला मी स्वतः जाऊन सांगितलं. नंतर पाचवीचा तास घेतला.